डळमळीत गाव

"सगुणाकाकू, पट्टा पुन्हा लाल! तुमचं मत परत पक्कं झालं!" सरपंच गजेंद्र दारातूनच करवादला.

निवडणुकीच्या पाहणीवाल्यांनी प्रत्येकाच्या मनगटावर बांधलेले हे पट्टे मनातलं ओळखायचे आणि त्यावरून जागांचे अंदाज निघायचे. ज्या गावाचा कौल ठरला, तिकडे ना पुढारी फिरकायचा, ना पाण्याचा टँकर. म्हणून अख्खं गाव रोज पारावर बसून मन डळमळीत ठेवायचा सराव करायचं.

"अरे, कुणाला द्यायचं ते मला चांगलं ठाऊक आहे. ते विसरू कसं?"

"विसरू नका, नुसती शंका घ्या. तुमच्या एका मतानं पारडं झुकतंय. टँकर वेशीवरून परत जाईल!"

काकूंनी डोळे मिटले. आपल्या उमेदवाराचे अवगुण आठवले, मग दुसऱ्याचे गुण. जीव कासावीस झाला, पण पट्टा हिरवा झाला. मग रोज हेच.

मतदानाच्या दिवशी काकू ताठ मानेनं यंत्रापुढं उभ्या राहिल्या. आता कोण अडवणार? त्यांनी बोट उचललं. ते या बटणावरून त्या बटणावर, तिथून पुन्हा मागे फिरत राहिलं. बाहेर रांग खोळंबली. पट्टा हिरवागार होता.