सातवी रोटी

तिसऱ्या फेरीच्या मध्यावर ओतेगेन अता थांबले.

कबरीभोवती तीन फेऱ्या घालायच्या आणि शपथेवर म्हणायचं, "माझे आजोबा इथे झोपलेत." एवढंच. मग नदीकाठचं हे हिवाळी कुरण, वारा अडवणारं बोरूचं रान, सगळं आपलं. नाहीतर बर्फ पडायच्या आत तंबू उचलायचे आणि उघड्या माळावर मेंढ्या मरताना बघत बसायचं. अतांचं घोडं कुठे अडलंय, हे त्यांच्या नातीला, तोर्गिनला, चांगलंच ठाऊक होतं.

सकाळी तिने तंबूच्या लोकरी पडद्याआडून ऐकलं होतं. अता तिच्या बापाला सांगत होते, "ती कबर खोटी आहे रे. कुरणावर हक्क सांगायचा तर तिथे पूर्वज पुरलेला लागतो, आपला नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी मी आणि माझ्या भावाने ओंडका कफनात गुंडाळला आणि वर दगड रचले."

शपथ कोणी घ्यायची हे समोरची बाजू ठरवते. याच कुरणावर दावा सांगणाऱ्या तोलेबायने मुद्दाम अतांचं नाव घेतलं होतं. ओतेगेन म्हातारा खोटी शपथ घ्यायचा नाही, हे माळावरची कुत्रीसुद्धा जाणत होती.

तोर्गिनला मात्र सकाळी हसूच फुटलं होतं. ओंडका? मग दर शुक्रवारी रोटी कोण खातं?

"काय हो ओतेगेन," तोलेबायने घोड्यावरून विचारलं, "आजोबांचं नाव विसरलात, की आजोबांनाच कुठे ठेवून विसरलात?" त्याची माणसं खिंकाळल्यासारखी हसली.

पंचाच्या छातीवर झारच्या कचेरीचं पितळी पदक होतं. ते चाचपत तो म्हणाला, "बोला अता. मला अजून दोन तंटे सोडवायचेत."

अतांचे ओठ हलले. "इथे..." ते म्हणाले. "इथे कोणी..."

"आहे!" तोर्गिन ओरडली.

"मागे हो, कार्टे!" बाप दातओठ खात म्हणाला. ती कसली मागे होते! येत्या वसंतात नदीपल्याडच्या त्या हसऱ्या पोराशी तिचं लग्न होतं, लाल टोपीवर पोवळी शिवून तयार होती, आणि आज कुरणही तीच वाचवणार होती.

"मी बघितलंय त्यांना," ती धापा टाकत म्हणाली. "दर शुक्रवारी गेलेल्यांसाठी आम्ही सात रोट्या तळतो. सहा शेजाऱ्यांना वाटते आणि सातवी या दगडांच्या फटीत धरते. ते आतून घेतात. ओढून नाही हं, हळूच. हात थंडगार. डावा. तीनच बोटं आहेत."

हसणं थांबलं. तोलेबाय घोड्यावरून उतरला. उतरायला त्याला फार वेळ लागला.

"कुठली तीन?"

"अंगठा, आणि ही दोन."

"करंगळी आणि तिच्या शेजारचं लांडग्याने नेलं," तोलेबाय म्हणाला. आता त्याच्या आवाजात टिंगल नव्हती. "माझ्या बापाचं. मी सात वर्षांचा होतो. वादळात घोडे शोधायला गेला तो गेलाच. आम्ही त्याच्या नावाने कधी तळलं नाही. आई म्हणायची, जिवंत माणसाच्या नावाने तळत नाहीत, येईल तो."

वारा पडला. बोरू एकदम गप्प झाले.

"म्हणजे माणूस तुमचा," पंच सावकाश म्हणाला. "मग कुरणही..."

तोलेबायने हात वर करून त्याला थांबवलं. "पोरी, रोटी आणलीस?"

शुक्रवारच होता. तोर्गिनने अंगरख्याच्या आतून रोटी काढली. अजून कोमट होती. तोलेबायने ती घेतली, गुडघे टेकले आणि फटीत धरली.

"बाबा," तो म्हणाला.

तो धरूनच राहिला. मागे घोड्यांनी पाय बदलले. रोटीवरची चरबी थिजून पांढरी पडली.

"माझ्या हातचं घेत नाही," तो म्हणाला आणि रोटी तिच्याकडे दिली.

तोर्गिनने फटीत हात घातला. रोटी आत गेली. हळूच, नेहमीसारखी. सगळ्यांनी पाहिलं.

तोलेबाय उठला. गुडघ्यांवरची माती त्याने झटकली नाही. "कुरण यांचं," तो पंचाला म्हणाला. "लिहून द्या. जोवर ही पोर त्याला भरवते तोवर यांचं."

जिंकलो! हात तसाच फटीत ठेवून तोर्गिन हसत अतांकडे वळली. अता हसत नव्हते. बाप नदीपल्याड बघत होता.

"पण मी तर वसंतात..." ती म्हणाली.



तिने हात मागे घेतला. म्हणजे, घ्यायला गेली. रोटी केव्हाच संपली होती. बोट मात्र आतून कोणीतरी धरून ठेवलं होतं.