दिवे विझवण्याचं काम

उझबेकिस्तानात, फरगाण्याच्या प्रयोगशाळेत झुलहुमोरआपानं बोंडअळीचा फडशा पाडणाऱ्या इवल्या गांधीलमाश्या अठरा वर्षं वाढवल्या. नव्या संचालकानं तिची जागा आपल्या भाचीला दिली आणि वर हिणवलं, "आपा, आता चहा द्यायचा नि दिवे विझवायचे. तेवढं तरी जमेल ना?"

आपा रोज चारच्या ठोक्याला दिवे विझवू लागली. माश्यांच्या बंद खोलीतलेसुद्धा. गारवाही वाढवून ठेवू लागली.

ऑगस्टात संचालकानं प्रांताच्या हाकिमांसमोर कपाशीत माश्यांचे डबे उघडले. एक माशी उडेल तर शपथ!

"मेल्या की काय सगळ्या?" संचालक किंचाळला.

"मेल्या नाहीत, साहेब. दिवस लहान, त्यात गारठा. हिवाळा आला समजून झोपल्यात. उठतील आता मार्चात, नवरोजला." आपानं त्याच्या पेल्यात चहा ओतला.



"दिवे विझवणं जमलं ना मला?"