येतो म्हणून गेलाय

आटपाडीकडची माणसं गाव सोडून कुठं कुठं गेली, यावर धोंडिराम मास्तरांनी चार वर्षं घासून प्रबंध लिहिला. सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात तो परीक्षकांचा शेरा घेऊन परत आला : "तीनशे बारा घरं तपासलीत, आणि कायमचा गेलेला एकही नाही?" पीएचडी बुडाली तर सांगलीच्या कॉलेजातली नोकरी कायम होणार नव्हती. मास्तर वेड्यासारखे पुन्हा दारोदार फिरले, म्हाताऱ्यांच्या हातापाया पडले. पण जी ती तेच सांगे, "आवं मास्तर, येतो म्हणून गेलाय न्हवं? येनारच की." घरातून निघताना 'जातो' म्हणायची रीतच नाही आपल्यात, मग 'कायमचा' या रकान्यात लिहायचं तरी काय?

शेवटी ते आपल्याच घराच्या पायरीवर येऊन बसले. नऊ वर्षांपूर्वी शिकायला म्हणून इथनंच सांगलीला गेलेले. चार वर्षं याच भागात हिंडले, पण ही पायरी चढायला सवड झाली नव्हती. कागदांची पिशवी आपटून म्हणाले, "आई, बुडालो मी. माझं पोरगं कायमचं गेलं, असं एक तरी बाई म्हणायला पाहिजे होती. एक तरी!"

येसूबाईनं पाण्याचा तांब्या लेकापुढं ठेवला.



"येवढंच व्हय? मग माज्या घरचं लिव की रं."