ओले पाय

पोहणं, सायकल आणि धावणं अशा तिहेरी शर्यतीत लेक दोन वर्षांत शेवटून तिसऱ्या नंबरावरून पहिल्या दहांत आली होती. दर शर्यतीत आई पाण्याची बाटली घेऊन वळणावर उभी असायची. आता पोहून आल्यावर सायकलचे बूट चढवण्यात जाणारे अकरा सेकंद वाचवायचे, म्हणून ती रोज बाथरूममधून ओल्या पायांनी पळत यायची आणि पॅसेजमध्ये मांडलेल्या बुटांत पाय घालायची. शर्यत आठ दिवसांवर आली आणि ती त्याच पॅसेजमध्ये घसरली. घोटा मोडला.

प्रशिक्षक भेटायला आले ते तोंडाचा पट्टा सुरू करूनच. "ओल्या पायांनी घरात पळतं का कुणी?"

"चुकलं सर," म्हणत लेकीनं मान खाली घातली. चहा घेऊन आलेली आई दारातच थबकली आणि कप ठेवून आत निघून गेली.

शर्यतीच्या दिवशी सकाळी प्लास्टरखाली उशी सरकवताना मात्र तिला राहवेना. "त्या दिवशी तू अजून अंघोळीलाही गेली नव्हतीस गं. फरशी मी पुसली होती आणि तुला सांगायचं राहिलं."

"माहितीये मला."

"मग सरांची बोलणी मुकाट्यानं का खाल्लीस?"

"खरं सांगितलं असतं, तर तू स्वतःला दोष देत घरीच बसली असतीस. मग पुढच्या वर्षी पाण्याची बाटली घेऊन वळणावर कोण उभं राहिलं असतं?"