पासिंगचे टायर

बाबांचं तेरावं झालं आणि शेजारचे भिवाकाका आपल्या टेम्पोचे दोन नवे टायर काढून आमच्या दारात घेऊन आले.

"निम्मे तुझे, पोरी."

बाबांनी आणि त्यांनी चार टायर भागीत घेतले होते. ज्याच्या टेम्पोचं आरटीओत पासिंग, त्याला ते चढायचे. एरवी एकेक महिन्याची पाळी होती. बाबांचा टेम्पो घाटात घसरला तो महिना काकांचा होता.

"ठेवा तिथे," मी म्हणाले. बाबा गेल्यापासून मला काकांच्या मुलीचा हेवा वाटत होता. संध्याकाळी हॉर्न वाजला की ती दार उघडायची आणि मी आमचं लावून घ्यायचे.

तेवढ्यात तीच डबा घेऊन आली. "बाबा, गुळगुळीत टायरवर घाट उतरणार तुम्ही?"

"अगं, गेल्या महिन्यातच पासिंग झालंय. सरकारचा शिक्का आहे, काय होतंय?"

तिचा चेहरा निवळला. माझ्या बाबांनी निघताना हेच सांगितलं तेव्हा माझाही निवळला होता.

"काका, दोन्ही परत बसवा," मी म्हणाले.

ते बसवेपर्यंत ती बापाच्या हातात एकेक नट देत होती. मी दारातून बघत होते. हेवा तसूभरही कमी झाला नव्हता.