रबरच आहे ना ते?

मिस्त्रीने पहार घालून हिसका दिला, तसा चाकाला धरून ठेवणारा आर्म बोटभर सरकला. त्याच्या बुशमधलं रबर नावालाच उरलं होतं, चिरून लोंबत होतं.

"जरा वाकून बघा, मालक," तो व्हॅनखालच्या खड्ड्यातूनच म्हणाला.

मालक वाकले नाहीत. पँट इस्त्रीची होती.

मालकांची ही शाळेच्या पोरांची व्हॅन मिस्त्रीची थोरली बहीण चालवायची. चौदा पोरं. स्पीडब्रेकर आला की पुढून खट्ट वाजायचं. गेल्या आठवड्यात ताईने ब्रेक दाबला, तर व्हॅन डावीकडे ओढली गेली आणि विजेच्या खांबापासून वीतभर अंतरावर थांबली. ताईने हे हसत हसत सांगितलं होतं, पण चहाचा कप तिला दोन्ही हातांनी धरावा लागला होता.

मिस्त्रीने ते सगळं पुन्हा मालकांच्या कानावर घातलं. बुश गेले की चाक कुणाचं ऐकत नाही, एक दिवस आर्मच निखळेल, हेही सांगितलं. तीन महिन्यांतली ही पाचवी वेळ. पालथ्या घड्यावर पाणी.

"रबरच आहे ना ते?" मालक म्हणाले. "आणखी दोन महिने चालेल. शाळेला सुट्टी लागली की बघू."

"तुमच्या गाडीचे तर लगेच बदललेत."

ते खरं होतं. मालकांची गाडी याच मॉडेलची, फरक फक्त गुबगुबीत सीटचा. महिन्यापूर्वी ती जराशी कुरकुरली, तर दुसऱ्याच दिवशी नव्या बुशसकट दोन्ही आर्म मागवून बसवले गेले होते.

"मला आवाज सहन होत नाही," मालक शांतपणे म्हणाले. आपली गाडी इथेच ठेवतोय, ऑइल बदलून, धुऊन ठेव, उद्या सकाळी नेतो, असं बजावून ते रिक्षाने निघून गेले.

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच्या कानाला त्रास नको, मग चौदा पोरांचा जीव काय रस्त्यावर पडलाय? पाना त्याने असा भिरकावला की भिंतीचा पोपडा उडाला. मग त्याने तो स्वतःच उचलून आणला. रविवार होता, व्हॅन दिवसभर त्याच्याच ताब्यात होती. जेवायलाही न जाता तो कामाला लागला.

सोमवारी सकाळी पोरांना शाळेत सोडून ताई परत आली, तेव्हा मालक गॅरेजच्या फाटकाशीच उभे होते. व्हॅन तिथला स्पीडब्रेकर ओलांडून आत आली. काही वाजलं नाही. ताई उतरली आणि भावाकडे बघत राहिली. केवढ्या दिवसांनी तिचे खांदे सैल पडले होते.

"बघ," मालक म्हणाले. "थांबला ना आपोआप आवाज? उगाच बोंबलत होतास."

मिस्त्रीने मान खाली घातली. चूक झाली म्हणाला. मालकांच्या गाडीची किल्ली त्याने फडक्याने पुसून त्यांच्या हातात ठेवली.

गाडी धुऊन चकचकीत झाली होती. मालक खुशीत बसले आणि फाटकापर्यंत गेले.

खट्ट.

ब्रेक लागला. काच खाली झाली. "हे काय वाजलं रे?"

"रबर आहे, मालक," मिस्त्री म्हणाला. "आणखी दोन महिने चालेल."