कुलूपबंद ऑफिसातला फोन

अमोनियाचा वास आला तशा साऱ्याजणी हातातलं टाकून बर्फाच्या कारखान्याबाहेर धावल्या आणि फाटकाशी थांबल्या. मालकाच्या वेळेपासूनची ही सवय. वास आला की बाहेर पळायचं, ऑफिसात फोन करायचा आणि मालक मेकॅनिकला आत धाडेपर्यंत हलायचं नाही.

"शेवंते, लाव गो फोन!" आक्का खोकत ओरडली. शेवंतीने नंबर लावला. रस्त्यापलीकडच्या कुलूपबंद ऑफिसात घंटी वाजू लागली. त्या कुलपाची किल्ली तिच्याच कमरेला होती.

वादळानंतर मालक कारखाना बंद करून निघून गेला होता. इथे राबणाऱ्या आणि म्हावरं विकणाऱ्या बायकांनी सोसायटी काढून तो विकत घेतला, पुन्हा चालू केला आणि गेल्याच आठवड्यात शेवंतीला अध्यक्ष केलं. हार घालून घेताना तिला लाजच जास्त वाटली होती.

आता मेकॅनिक तालुक्याहून येईपर्यंत बर्फ गोठवणारा सगळा गॅस निघून गेला असता. होड्या तर परतीला लागलेल्या दिसत होत्या. बर्फ नसला तर म्हावरं कुजणार.

"उचलतंय का कोण?" आक्काने विचारलं.

"कोण उचलणार, आक्का? मी तर इथं उभी आहे."

शेवंतीने फाटकाजवळच्या पाण्याच्या पिंपात पदर बुडवून नाकातोंडावर घट्ट बांधला. मेकॅनिक कुठला व्हॉल्व्ह आवळतो ते तिने खिडकीतून पाहिलं होतं, तेही एकदाच. ती फाटकातून आत निघाली. मागे पाण्यात आणखी पदर बुडाल्याचा आवाज आला, पण किती जणी येताहेत ते वळून बघायची तिची छाती झाली नाही.